सनदेनंतरची पाच वर्षे

आपल्या वस्तीतला मुलगा वकील झाला म्हणजे काय होते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. एलएल.बी.चा निकाल लागतो, विहारात सत्कार होतो, आणि पत्र्याच्या घरावर ‘ॲडव्होकेट’ अशी पाटी लागते. चार-पाच वर्षांनी त्याच घराकडे गेले तर पाटी असते; वकील मात्र पतसंस्थेत, विमा कंपनीत नाही तर खाजगी शाळेत चिकटलेला असतो. काही जण तहसील कचेरीबाहेर प्रतिज्ञापत्रे करून देत बसलेले आढळतात. ‘त्याची वकिली चालली नाही,’ एवढे म्हणून आपण विषय संपवतो. ती का चालली नाही, हे कोणी विचारीत नाही. बुद्धी कमी पडली, चिकाटी नव्हती, इंग्रजी कच्चे होते, असा सारा दोष त्या एकट्याच्या माथी मारून आपण मोकळे होतो.

प्रस्तुत लेखात मला एवढेच तपासायचे आहे की, कोर्टात उभा राहून खटला चालवणारा वकील घडतो कसा? त्याची व्यावसायिक पार्श्वभूमी म्हणतात ती नेमकी कशाची बनलेली असते? माझे म्हणणे थोडक्यात असे आहे: वकील महाविद्यालयात घडत नाही. सनद हाती आल्यानंतरच्या पाच-एक वर्षांत, दुसऱ्या वकिलाच्या चेंबरमध्ये तो घडतो. ही वर्षे बहुतेक बिनपगारी असतात. म्हणून ज्याच्या घरात ती वर्षे पोसण्याची ऐपत आणि ओळख असते, त्याच्याच वाट्याला ती येतात. शिक्षणाची मिरासदारी कायद्याने मोडली. उमेदवारीची मिरासदारी अजून शिल्लक आहे.

१. दरवाजा

पदवीनंतरची पहिली पायरी म्हणजे सनद. १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टने देशभर वकिलांचा एकच वर्ग निर्माण केला आणि नोंदणीचे काम राज्यांच्या बार कौन्सिलकडे दिले. आपल्याकडे ही संस्था महाराष्ट्र आणि गोव्याची मिळून एकच आहे. त्या कायद्याच्या कलम २४ मध्ये नोंदणीची फी ठरवून दिली आहे : सर्वसाधारण उमेदवारास एकूण ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवारास १२५ रुपये. कायदा करणाऱ्यांना दारातल्या अडथळ्याची जाणीव होती, असे यावरून म्हणता येईल.

प्रत्यक्षात काय घडत गेले? निरनिराळ्या राज्यांच्या कौन्सिलांनी ग्रंथालय, कल्याण निधी, ओळखपत्र, पडताळणी अशी नावे देऊन रकमा वाढवत नेल्या. काही राज्यांत हा आकडा चाळीस हजारांच्या पुढे गेला. अखेर ३० जुलै २०२४ रोजी गौरव कुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, कलम २४ मध्ये आहे त्यापेक्षा अधिक रक्कम नोंदणीच्या वेळी घेता येणार नाही. अशी वसुली दुर्बल समाजघटकांना या व्यवसायाबाहेर ठेवते आणि समतेच्या तत्त्वाला बाधा आणते, हे न्यायालयाने स्पष्टपणे नोंदवले. म्हणजे १२५ रुपयांचा हक्क कायद्याच्या पुस्तकात होता, आणि तो पाळावयास लावण्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. कायद्यातला हक्क आणि हातात पडणारा हक्क यांत किती अंतर असते, हे वकील होऊ पाहणाऱ्याला अशा रीतीने पहिल्याच दिवशी कळते.

त्यानंतर अखिल भारतीय बार परीक्षा. २०१० साली आलेली ही परीक्षा २०२३ मध्ये घटनापीठाने वैध ठरवली. ती उत्तीर्ण झाले की व्यवसायाचा परवाना पक्का होतो. येथपर्यंतचा मार्ग अभ्यासाने, शिष्यवृत्तीने, आईबापाच्या मजुरीने पार करता येतो. पुढचा मार्ग वेगळा आहे.

२. चेंबर

शिक्षक, कारकून वा अभियंता यांच्या नोकरीला जाहिरात असते, बिंदुनामावली असते, निवड यादी असते. डावलले गेले तर दाद मागता येते. वकिलीला यांपैकी काहीच नाही. कोणत्या सीनियरने कोणाला ज्युनियर म्हणून घ्यावे, याचा नियम नाही. तो प्रश्न ओळखीने सुटतो. मित्राचा मुलगा, अशिलाचा पुतण्या, गावाकडचा नातेवाईक, अशी ही निवड होते. जातीचे नाव कोणी उच्चारीत नाही. उच्चारण्याची गरजही पडत नाही.

चेंबरमध्ये शिकायचे तरी काय असते? महाविद्यालयात दिवाणी प्रक्रिया संहिता शिकवली जाते. पण दाव्याचा मसुदा करताना कोणती हकीकत कोणत्या परिच्छेदात घालावी, हे तेथे कळत नाही. समन्स बजावल्यापासून ३० दिवसांत, फार तर ९० दिवसांत कैफियत द्यावयाची, हे पुस्तकात असते; ती देताना एखादे विधान नाकारायचे राहून गेले तर ते कबूल धरले जाते, हे सीनियरच्या हाताखाली लिहिताना अंगी मुरते. सकाळी बोर्ड पाहणे, डायरीत तारखा भरणे, वकीलपत्र दाखल करणे, अर्जावर म्हणणे देणे, पुरसिस लिहिणे, रोजनाम्याची नक्कल काढणे, शिरस्तेदाराशी आणि बेलिफाशी कामापुरते संबंध ठेवणे, या सगळ्याला शाळा नाही.

फौजदारी कामात तर हे अधिकच खरे आहे. साक्षीदार पोलिस जबाबात न सांगितलेली गोष्ट कोर्टात सांगू लागला, तर ती वगळणूक तपास अंमलदाराच्या उलटतपासणीतून सिद्ध कशी करायची? कोणता प्रश्न विचारायचा, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे कोणता विचारायचा नाही? दुसऱ्याची पन्नास उलटतपासण्या ऐकल्यावाचून हे कळत नाही. संध्याकाळी चेंबरमध्ये पक्षकार बसलेला असताना सीनियर त्याला काय विचारतो, कोणता कागद मागतो, फीचे कसे ठरवतो, हेही शिक्षणच आहे. ज्याचा बाप वा काका वकील आहे, त्याचे हे शिक्षण शाळेत असतानाच जेवणाच्या ताटावर सुरू झालेले असते. आपला मुलगा चोविसाव्या-पंचविसाव्या वर्षी पहिल्यांदा कोर्टाची पायरी चढतो. तोवर कोर्ट म्हणजे भाऊबंदकीच्या किंवा पोलिस केसच्या तारखेला बापाबरोबर जाण्याची जागा, एवढीच त्याची ओळख असते.

भाषेचा प्रश्न यातच येतो. १९९८ मध्ये राज्य सरकारने जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी ठरवली. त्यामुळे मराठी माध्यमातून आलेल्याला तालुक्याला निदान उभे राहता येते. उच्च न्यायालयात घटनेच्या कलम ३४८ प्रमाणे इंग्रजीच चालते, आणि मोठी फी, मोठे खटले व पुढच्या नेमणुका तेथेच असतात. चेंबरमध्ये ओळीन्‌ओळ दुरुस्त करून देणारा सीनियर भेटला, तर ही उणीव दोन-तीन वर्षांत भरून निघते. न भेटला तर ती कायमची राहते.

मुलींच्या वाटेत आणखी काटे आहेत. भारतात स्त्रियांना वकिलीची दारे १९२३ च्या कायद्याने उघडली. शंभर वर्षांनंतरही चेंबरचे काम रात्री नऊ-दहाला संपते, शेवटची एस.टी. त्याआधी गेलेली असते, आणि कित्येक तालुका कोर्टांत महिला वकिलांसाठी धड स्वच्छतागृहही नसते. वस्तीतून आलेल्या मुलीला जात, पैसा आणि वेळ या तिन्हींशी एकदमच झुंजावे लागते.

३. भाकरीचा प्रश्न

या काळात खायचे काय? ज्युनियरला पगार देण्याचे बंधन सीनियरवर नाही. कोणी प्रवासखर्च देतो, कोणी सणाला पाकीट देतो, कोणी ‘शिकवतो हेच पुष्कळ’ असे म्हणतो. १५ ऑक्टोबर २०२४ रोजी बार कौन्सिल ऑफ इंडियाने परिपत्रक काढून शहरी भागात दरमहा किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये विद्यावेतन द्यावे असे सुचवले. परंतु ती शिफारस होती, सक्ती नव्हती.

मग नोकरी करून वकिली करावी म्हटले, तर नियम आडवा येतो. बार कौन्सिलच्या नियम ४९ प्रमाणे वकिलाला पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. कायद्याचे अर्धवेळ अध्यापन यांसारखे थोडेच अपवाद आहेत. आपल्या कामाची जाहिरात करावी, तर नियम ३६ ने तीही बंद केली आहे. व्यवसायाचा धंदा होऊ नये, हा या नियमांमागचा हेतू चांगलाच आहे. पण परिणाम काय होतो ते पाहावे. जाहिरात नाही, पगार नाही, दुसरी नोकरी नाही; तेव्हा अशील येणार ते नात्यातून, गावातून, जातीतून आणि सीनियरच्या दप्तरातून. ज्याच्या नात्यात जमीनजुमला आहे, साखर कारखान्याचे संचालक आहेत, व्यापारी आहेत, त्याच्याकडे फी देणारे अशील येतात. आपल्या वकिलाकडे नातलग येतात ते गायरानाची नोटीस, पोटगीचा अर्ज आणि मारहाणीची फिर्याद घेऊन. त्यांच्याकडून फी मागायला जीभ रेटत नाही. आपल्या वकिलाला काम मिळत नाही असे नाही; काम मिळते, पण त्यावर चूल पेटत नाही.

४. बाबासाहेबांची उमेदवारी

या संदर्भात बाबासाहेबांच्या वकिलीकडे पुन्हा पाहिले पाहिजे. आपण त्यांना घटनेचे शिल्पकार म्हणून पाहतो, आणि १९२३ साली मुंबईच्या उच्च न्यायालयात नव्याने उभा राहिलेला, बत्तीस वर्षांचा बॅरिस्टर आपल्या नजरेआड होतो. कोलंबियाचे आणि लंडनचे शिक्षण, ग्रेज इनची बॅरिस्टरी. पदव्यांच्या बाबतीत त्यांच्या तोडीचा माणूस त्या बारमध्ये विरळाच असेल. तरीही सनद घेण्याइतके पैसे हाताशी नव्हते आणि नवल भथेना या पारशी मित्राने मदत केली, असे धनंजय कीरांनी त्यांच्या चरित्रात नोंदवले आहे.

उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत त्या काळी दुहेरी पद्धत होती. पक्षकार सॉलिसिटरकडे जाई, आणि सॉलिसिटर आपल्या पसंतीच्या बॅरिस्टरला ब्रीफ देई. म्हणजे बॅरिस्टर कितीही विद्वान असो, सॉलिसिटरने दार उघडल्याशिवाय खटला मिळत नसे. अस्पृश्य बॅरिस्टरला ते दार कोण उघडणार? त्यामुळे अपील शाखा आणि मुंबईबाहेरची जिल्हा न्यायालये हेच त्यांचे कार्यक्षेत्र झाले. उत्पन्नाला जोड म्हणून जून १९२५ पासून बाटलीबॉईंच्या अकाउंटन्सी संस्थेत व्यापारी कायदा शिकवण्याचे काम त्यांनी धरले. (मूळ शाखेतील सॉलिसिटरची सक्ती १९७६ च्या दुरुस्तीने गेली. ओळखीने काम मिळण्याची रीत मात्र त्या दुरुस्तीने जाण्यासारखी नव्हती.)

असे असूनही त्यांनी कोणते खटले घेतले? दिनकरराव जवळकरांच्या ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तकावरून झालेल्या बदनामीच्या खटल्यात खालच्या कोर्टाने शिक्षा दिली होती. १९२६ साली अपिलात बाबासाहेबांनी जवळकर, जेधे आदींना सोडवले. १९३४ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावरील अश्लीलतेच्या खटल्यात ते र. धों. कर्व्यांच्या बाजूने उभे राहिले आणि तो खटला हरले. यश मिळेल की नाही, एवढ्यावरच त्यांची निवड अवलंबून नव्हती, हे त्यावरून दिसते.

आणि महाड. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले गेले, हे आपल्या घरातल्या लेकरालाही ठाऊक आहे. पुढची हकीकत कमी जणांना ठाऊक असते. १२ डिसेंबर १९२७ रोजी महाडच्या दिवाणी कोर्टात बाबासाहेब व त्यांच्या सहकाऱ्यांविरुद्ध दावा दाखल झाला. दोनच दिवसांत तात्पुरता मनाई हुकूम निघाला, आणि २५ डिसेंबरला जमलेल्या सत्याग्रहींना तळ्यावर न जाता थांबावे लागले. त्याच परिषदेत मनुस्मृतीचे दहन झाले. पण तळ्याचे पाणी एका दिवाणी अर्जाने अडवले होते. फेब्रुवारी १९२८ मध्ये तो हुकूम उठला. मूळ दाव्याचा निकाल लागायला १९३१ चा जून उजाडला. जिल्हा न्यायालयातील अपील १९३३ मध्ये फेटाळले गेले. शेवटी १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयाने वादींचे अपील फेटाळले. अस्पृश्यांना वगळण्याची अनादी काळापासूनची रूढी होती, हे वादींना सिद्ध करता आले नाही, असे न्यायालयाने म्हटले.

सत्याग्रह एका दिवसाचा आणि दावा सव्वानऊ वर्षांचा! या सव्वानऊ वर्षांत प्रत्येक तारखेला कोणीतरी हजर राहिले, कागद दाखल केले, साक्षी तपासल्या, वादींवरची पुराव्याची जबाबदारी हलू दिली नाही. चळवळीच्या इतिहासात या कामाची गाणी झाली नाहीत. पण ते झाले नसते, तर तळे पुन्हा गेले असते.

५. नेमणुकांची शिडी

पाच वर्षे तग धरलेल्या वकिलापुढे एक शिडी असते. भूषण गवई यांची सार्वजनिक नोंद पाहिली तर ती स्पष्ट दिसते. मार्च १९८५ मध्ये ते बारमध्ये आले. १९८७ पर्यंत माजी महाधिवक्ता व न्यायमूर्ती राहिलेले बॅरिस्टर राजा भोसले यांच्याकडे काम. मग स्वतंत्र वकिली, १९९० नंतर मुख्यतः नागपूर खंडपीठात. नागपूर व अमरावती महापालिका आणि अमरावती विद्यापीठ यांचे वकील. १९९२-९३ मध्ये सहायक सरकारी वकील, २००० मध्ये नागपूर खंडपीठात सरकारी वकील, नोव्हेंबर २००३ मध्ये उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती. आणि मे ते नोव्हेंबर २०२५ या काळात भारताचे सरन्यायाधीश. न्या. के. जी. बालकृष्णन यांच्यानंतर या पदावर पोहोचलेले ते दुसरे दलित.

त्यांच्या कर्तृत्वाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण ते रा. सू. गवई यांचे पुत्र होते, हेही विसरता येत नाही. या शिडीच्या एकाही पायरीवर स्पर्धापरीक्षा नाही, एकाही पायरीवर आरक्षण नाही. प्रत्येक पायरीवर कोणीतरी नाव सुचवावे लागते. ज्यांचे नाव सुचवायला कोणी नाही, त्यांचे काय होते, ते केंद्र सरकारने मार्च २०२५ मध्ये संसदेत दिलेल्या आकड्यांत दिसते. २०१८ पासून नेमलेल्या उच्च न्यायालयाच्या ७१५ न्यायमूर्तींपैकी अनुसूचित जातींचे २२ आणि अनुसूचित जमातींचे १६ होते.

कनिष्ठ न्यायालयांत परिस्थिती निराळी होती. तेथे परीक्षा आहे, आरक्षण आहे. म्हणून आपली हुशार मुले-मुली चेंबरचा नाद सोडून थेट दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेला बसत. २० मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली. न्यायाधीशाला कोर्टाचा अनुभव असावा, यात वावगे काही नाही. पण त्याचा अर्थ असा झाला की, जी बिनपगारी वर्षे आजवर टाळता येत होती, त्यांतूनच आता आरक्षित जागेकडेही जावे लागेल.

६. प्रश्न एकट्याच्या करिअरचा नाही

कोणी म्हणेल, वकिली नाही तर नोकरी करील. त्यात एवढे काय? यावर दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत.

पहिली अशी की, नोकरीने आपल्याला स्थैर्य दिले, पण सरकारी नोकराला वर्तणूक नियमांचा लगाम असतो. वकिलाला साहेब नसतो. बडोद्याची नोकरी १९१७ मध्ये सोडावी लागल्यावर बाबासाहेबांनी पुढे स्वतंत्र व्यवसाय निवडला, यात आपल्यासाठी सूचना आहे.

दुसरी गोष्ट अत्याचाराच्या खटल्यांची. १९८९ चा कायदा कडक आहे. २०१६ पासून लागू झालेल्या कलम १५-अ ने पीडिताला जामिनापासून शिक्षेपर्यंत प्रत्येक टप्प्यावर आपले म्हणणे मांडण्याचा हक्क दिला, आणि ही नोटीस व सुनावणी सक्तीची आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितले. १९९५ च्या नियमांतील नियम ४(५) प्रमाणे पीडिताच्या इच्छेनुसार जिल्हाधिकारी नामांकित ज्येष्ठ वकील नेमू शकतो. पण हे सारे मागायला हवे. आणि मागायचे असते हे सांगणारा वकील पहिल्या रात्री, फिर्याद लिहिली जात असताना, पोलिस ठाण्यात हवा. जातिवाचक शब्द फिर्यादीत आले नाहीत, तर पुढे कोर्टात ते ‘नंतर रचलेले’ ठरतात. घटना लोकांच्या नजरेसमोर घडली की चार भिंतींआड, हे लिहिले नाही, तर कलम गळते. २९ सप्टेंबर २००६ च्या खैरलांजी हत्याकांडात २००८ साली भंडाऱ्याच्या न्यायालयाने आणि २०१० साली उच्च न्यायालयाने आरोपींना दोषी धरले. पण अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील गुन्हा सिद्ध मानला नाही. साऱ्या महाराष्ट्राला जी जात दिसत होती, ती निकालात उतरली नाही. रस्त्यावरचा मोर्चा आणि कोर्टातला पुरावा यांच्यामध्ये जो माणूस लागतो, तो घडवण्याची वर्षे आपण वाऱ्यावर सोडली आहेत.

७. काय करता येईल

या वर्षांचा भार एकट्या कुटुंबावर राहू नये, एवढी व्यवस्था समाजाला करता येण्याजोगी आहे. कर्नाटकात समाजकल्याण खात्याने अनुसूचित जातीच्या विधी पदवीधरांना सीनियरकडे शिकत असताना विद्यावेतन देण्याची योजना राबवली. तशी मागणी आपण आपल्या सरकारकडे नेटाने लावून धरली पाहिजे. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने २०२२ पासून सुरू केलेल्या बचाव वकील योजनेत नवख्या वकिलांसाठीही मानधनाच्या जागा आहेत. त्यांची माहिती आपल्या मुलांपर्यंत पोहोचवणे हे आम्हा शिक्षकांचे काम आहे.

सरकारकडे पाहत बसण्याचेही कारण नाही. नोकरदार वर्गाने जयंतीच्या वर्गणीबरोबर जिल्ह्यागणिक दोन ज्युनियरांचे तीन वर्षांचे विद्यावेतन उचलले, तर ते अशक्य नाही. ज्यांची वकिली स्थिरावली आहे अशा आपल्या ज्येष्ठांनी दरवर्षी एक मुलगा व एक मुलगी चेंबरमध्ये घ्यावी, आणि ‘आपलाच आहे’ म्हणून त्यांना फुकट राबवू नये. कार्यकर्त्यांनी आपल्या वकिलाकडे फुकटात काम नेण्याची सवय सोडावी. थोडी का होईना, फी द्यावी. आणि विद्यार्थ्यांनी पदवीच्या अखेरच्या वर्षापासूनच आठवड्यातून एक दिवस तालुका कोर्टात मागच्या बाकावर बसून ऐकावे. त्याला कोणाची शिफारस लागत नाही. न्यायालय खुले असते, हा कायदाच आहे.